बोच्या केसांना तेल

बाबा,

तुम्हाला पत्र लिहायला बसले नव्हते. बसले होते एका पोरासाठी नियम लिहायला. हा पोरगा मुंबईत गाण्यांना संगीत देतो, सगळं आयुष्य कीबोर्डवर गेलेलं, आणि पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच त्याच्यासमोर बारा जिवंत व्हायोलिनवाले बसणार आहेत. त्याची गाळण उडाली आहे. फोनवर म्हणाला, "मॅडम, त्यांच्याशी बोलायचं कसं, कशाला काय म्हणायचं, काय केलं की ते भडकतात, एवढं एका कागदावर लिहून द्या." म्हटलं, देते. कागद घेतला आणि पहिलंच वाक्य उतरलं : बोच्या केसांना बोट लावायचं नाही. ते वाक्य माझं नव्हतं, तुमचं होतं. तुम्हाला जाऊन वीसहून जास्त वर्षं झाली, तरी माझ्या तोंडून अजून तुम्हीच बोलता. मग तो कागद बाजूला सारला आणि हा घेतला. मला राग आलाय. तो तुमच्यावर काढते, कारण आता तुम्ही उठून जोडे घालू शकत नाही.

नियम तसे साधेच होते तुमचे. बोला, म्हणजे व्हायोलिनच्या गजाला, घोड्याच्या शेपटीचे केस असतात, त्यावर रोझिन, म्हणजे राळ, घासलेली असते. बोटाचा घाम किंवा तेल लागलं की तिथे राळ धरत नाही आणि बो तारेवरून नुसता घसरतो. म्हणून केसांना हात नाही. कुणी तार जुळवत असेल तर हॉलमध्ये बोलायचं नाही. व्हायोलिनच्या पेटीवर चहाचा कप ठेवायचा नाही. म्यूट, म्हणजे आवाज दबवणारी चिमटी, लावायला दोन मात्रांची तरी उसंत द्यायची, वाजवणाऱ्याला तिसरा हात नसतो. "जरा दुःखी वाजवा" असं सांगायचं नाही. बो तारांखालच्या ब्रिजजवळ हवा की बोटांजवळ, कमी हवा की जास्त, चार सूर एका बोत हवेत की चार बोत, ते सांगायचं, दुःखाचं आम्ही बघून घेतो. आणि कुणाचं चुकलं तर त्याच्याकडे बोट दाखवायचं नाही. लीडरला, म्हणजे पहिल्या खुर्चीवरच्या व्हायोलिनवाल्याला, सांगायचं, हळू आवाजात, विचारल्यासारखं. लीडर ती चूक स्वतःच्या अंगावर घेतो आणि सगळ्यांना म्हणतो, परत करू या. हे तुम्ही आरमाराच्या बँडमध्ये शिकलात. तारापूरजवळच्या दांडी गावातल्या, मासे मारणाऱ्या मांगेल्याचा पोरगा, बोटीवर काम मिळेल म्हणून भरती झालात आणि तिथल्या बँडमास्तराने तुमची लांब बोटं बघून हातात व्हायोलिन दिलं. परत आलात ते तारापूरच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायला, पण दर रविवारी दुपारी बोईसरच्या कॉलनीतल्या क्लबात बारा तारवाले जमवून बसायचात. कॉलनीतले इंजिनिअर, वसईकडचे चर्चमध्ये वाजवणारे दोघे भाऊ, एक बंगाली चेलोवाले काका. त्या बारा जणांत मी अकराव्या वर्षीच शिरले होते आणि विसाव्या वर्षी तुमच्या शेजारी पहिल्या डेस्कवर, म्हणजे दोघांत एक कागद असलेल्या सगळ्यात पुढच्या जोडीत, बसत होते. पहिल्या डेस्कच्या आतल्या बाजूला जो बसतो त्याने पान उलटायचं. लीडर वाजवत राहतो. तुमची पानं मी उलटली.

आणि सगळ्यात मोठा नियम बोच्या दिशेचा. बो खाली ओढायचा की वर ढकलायचा, डाउन की अप, ते कागदावर खुणेने लिहिलेलं असतं. पण लीडरने उलटा घेतला तर बाकीच्यांनीही उलटाच घ्यायचा. "लीडर चुकला तरी त्याच्या मागं जायचं," तुम्ही म्हणायचात. "बारा जन मिळून चुकले तर ऐकनाऱ्याला वाटतं असंच हाय. एकटाच बरोबर गेला तर सगळं उघडं पडतं." घरात तुम्ही दांडीचंच बोलायचात, तालमीत शुद्ध हिंदी आणि जरूर पडली तर इंग्रजी. तालमीत तुमचा आवाज कधी चढलेला कुणी ऐकला नाही.

तो मुंबईचा संगीतकार आठवतो? कॉलनीच्या वार्षिक कार्यक्रमासाठी नृत्यनाटिका बसवायला आलेला, गळ्यात साखळी, तोंडात पान. दुसऱ्या डेस्कवरच्या वसईच्या धाकट्या भावाचा सूर त्याला पसंत पडेना. तो तरातरा आला आणि त्याच्या हातातला बो हिसकावून घेतला, मूठ सरळ केसांवर, "अरे, असं खेच ना." तुम्ही उठलात. फडक्याने व्हायोलिन पुसलं, पेटीत ठेवलं, दोन्ही कड्या लावल्या. खट, खट. मग मी लावल्या. मग मागून एकेक पेटी बंद व्हायला लागली, खट, खट, खट, आणि तो माणूस हॉलच्या मधोमध त्या बोसकट उभा राहिला. अर्ध्या तासाने त्याने हात जोडून माफी मागितली, त्या धाकट्या भावाची, सगळ्यांसमोर. बोट न लावता तुम्ही त्याची हाडं मोडलीत. मला तेव्हा तुमचा इतका अभिमान वाटला की घरी येईपर्यंत माझे पाय जमिनीवर नव्हते. घरी आलो तर आई बाजारातून अजून आली नव्हती, स्वयंपाक व्हायचा होता. ती आली तेव्हा तुम्ही दारातच तिच्या पोटात लाथ घातलीत.

वरून कीर्तन आतून तमाशा, असं लोक म्हणतात ते हसत हसत. आमच्या घरात हसण्यासारखं काही नव्हतं. आई पहाटे दांडीला जाऊन सुके बोंबील आणायची आणि बोईसरच्या बाजारात विकायची, आणि तुम्हाला त्या वासाची लाज वाटायची. तुमच्या व्हायोलिनच्या पेटीला वास आला की मार. इंजिनिअर घरी यायचे असले आणि टोपली दारात दिसली की मार. एकदा टोपलीला लाथ, बोंबील गल्लीभर, आणि ते गोळा करायला ती वाकली तेव्हा पाठीत दुसरी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, पण आईच्या वाट्याला बुक्कीसुद्धा आली नाही. कारण तुम्ही हाताने मारत नव्हता. "वाजवनाऱ्यानं हात जपायचे," हाही तुमचाच नियम. उजवा हात बोचा, डावा बोटांचा, उरले पाय. आरमारातले काळे बूट तुम्ही कारखान्यात घालायचात आणि घरी आल्यावर जेवण होईपर्यंत काढायचा नाहीत. आई त्यांना रोज पॉलिश करायची. मार खाऊन उठली की पहिल्यांदा विचारायची, "पायाला लागलं नाय ना तुमाला?" हे ती टोमणा म्हणून विचारत नव्हती, हे मला कळायला फार वर्षं लागली, आणि कळल्यावर जास्तच चीड आली.

मला तुम्ही कधी मारलं नाहीत. माझेही हात जपायचे होते. माझी मान, खांदा, पाठ, सगळं व्हायोलिनसाठी लागत होतं. मला भांडी घासू द्यायचा नाहीत, विळीवर बसू द्यायचा नाहीत. मासळी साफ करताना काटा बोटात जाईल म्हणून मला त्या बाजूला फिरकूही द्यायचा नाहीत. ते सगळं आई करायची. मी पलीकडच्या खोलीत सरगम घोटायची आणि भिंतीपलीकडे धप आवाज आला की बो जरा जोरात ओढायची. हे मी तुम्हालाच सांगू शकते. तुम्हाला ते ऐकू येत असणार, कारण एकदा तुम्ही मारता मारता थांबून ओरडला होतात, "तिसरं बोट खाली पडतंय, सूर उतरतोय."

आता तो रविवार. पावसाळा चाललेला, आठवड्याने कार्यक्रम, दुपारी दोनला तालीम. मी तेव्हा तेवीस वर्षांची, पालघरच्या शाळेत संगीत शिकवत होते, आणि त्या सकाळी शाळेतले कागद आणायला पालघरला गेले होते. बोईसरचा पावसाळा तुम्हाला माहीतच आहे, चपलांना, पट्ट्यांना, पेट्यांना सगळ्याला पांढरी बुरशी. आई झाडलोट करत होती. तुमची पेटी उघडी होती, बो वर ठेवलेला, आणि त्याच्या केसांवर राळेची पांढरी भुकटी. तिला ती बुरशी वाटली. वीस वर्षं तिने त्या बोला हात लावला नव्हता, तुमच्या धाकाने. पण कार्यक्रम आठवड्यावर आला आणि नवऱ्याच्या वस्तूला बुरशी लागलेली, ते तिला बघवेना. तिने ऊन पाण्यात फडकं बुडवून केस पुसून काढले. मग वाळल्यावर ते तिला राठ वाटले. मग तिने काय केलं? वाटीत खोबरेल घेतलं, बोटांवर घेतलं, आणि वरपासून खालपर्यंत चोळलं, जसं दर शनिवारी माझ्या डोक्याला चोळायची तसं. ती मला नंतर म्हणाली, "घोड्याचे असले म्हनून काय झालं. केसच ना ते. केसांना तेल लागतंच." बाबा, मी आयुष्यभर या वाद्याभोवती लोक बघितले. त्या बोवर तेवढी माया कुणी केलेली मी पाहिली नाही.

तुम्ही बो तारेवर ठेवला आणि आवाज आला नाही. पुढचं मी पाहिलेलं नाही, शेजारणीने सांगितलं. आई म्हणत होती, चूक झाली, चूक झाली. पहिली लाथ मांडीवर, ती पडली. दुसरी बरगडीत. मग ती डोकं हातांत घेऊन मुटकुळं करून पडली आणि तिसरी डाव्या कानावर. शेजारीण दार वाजवत होती, तुम्ही आतून म्हणालात, "घरचं हाय." मी साडेबाराला परतले तेव्हा तुम्ही खुर्चीवर बसून दुसऱ्या, जुन्या जड बोला राळ लावत होता. आई मोरीशी बसलेली, डाव्या कानाशी पदराचा बोळा, पदर लाल, मानेपर्यंत ओघळ वाळलेला. तिचं तोंड एका बाजूला वाकल्यासारखं झालं होतं. मी म्हटलं, "आये, चल दवाखान्यात." ती म्हणाली, "तालीम झाली का जाऊ. तुजा बाप एकटा पडंल तिकडं." मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही राळ लावत राहिलात. "दोन वाजता," एवढंच म्हणालात. आणि मी आईचं ऐकलं. आईचं ऐकलं असं मी सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे मी तुमचं ऐकलं. मी हात धुतले, पेटी उचलली आणि आलेच तुमच्या मागे.

तालीम दोन ते पाच झाली. नीट झाली. तुम्ही सूर दिलात, सगळ्यांनी जुळवला. माझ्या शेजारी तुमचे ते बूट, नुकते पुसलेले. मी पानं उलटली. वसईच्या धाकट्या भावाचं पिझिकाटो, म्हणजे तारा बोटाने छेडायच्या जागा, पुढे पळत होतं, तुम्ही म्हणालात, "मैं जल्दी कर रहा हूँ, माफ कीजिए, फिर से." तो लाजला, सावरला. मग कागदावर जागेची खूण म्हणून लिहिलेल्या सी अक्षरापाशी तुमचा बो उलटा पडला. तो जुना बो टोकाला जड होता, तुमच्या हाताला सवय नव्हती; अप लिहिलेलं असताना तुम्ही डाउन घेतलात. मागून दहाच्या दहा जणांनी डाउन घेतला. मी अप घेतला. समोर लिहिलेलं तेच होतं आणि माझा हात तसाच गेला. अकरा बो खाली आणि पहिल्या डेस्कवर, तुमच्या अगदी शेजारी, एक वर. हॉलभर दिसलं. तुम्ही थांबलात, उभे राहिलात, हसलात. "गलती मेरी थी. मेरी बेटी सही है. सी से." सगळ्यांनी बो स्टँडवर ठकठक वाजवले, आमच्यात टाळ्या अशाच वाजवतात. चेलोवाले काका म्हणाले, "मास्टरजी, आप जैसा लीडर हमने नहीं देखा." मी सी पासून परत वाजवलं.

साडेपाचला घरी आलो. आई खाटेवर उजव्या कुशीवर झोपलेली, चांगला कान उशीत, फुटलेला वर. तिचं अंग तापलं होतं. तुम्ही तिच्याकडे न बघता स्टुलावर बसलात, डावा हात टेबलावर टेकून, उजव्या हाताने बुटाची नाडी सोडायला. आणि माझ्याशी काही बोललात. तीन-चार वाक्यं, अगदी हळू. मोरीत कपड्यांचं धोपटणं होतं. मी ते आणलं आणि तुमच्या डाव्या हातावर मारलं. एकदा मारल्यावर तुम्ही हात काढून घेतला नाहीत, तुम्हाला झालं काय तेच कळलं नव्हतं, म्हणून दुसऱ्यांदा मारता आलं. अनामिका आणि करंगळी. सुकी काटकी पायाखाली यावी तसा आवाज झाला. आई धडपडत उठली आणि तिने मला ढकललं. मला, बाबा. "हात त्यांचा, हात," एवढंच ओरडत होती, कानातून परत रक्त यायला लागलेलं, आणि तुमचा हात दोन्ही तळव्यांत धरून खाली बसली.

आपण तिघे एकाच रिक्षातून दवाखान्यात गेलो. एका रिक्षात दोन जखमी आणि एक शहाणी. डॉक्टरने तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "दारात सापडला." आईला विचारलं तेव्हा आई म्हणाली, "मोरीत घसरले." डॉक्टर काही दूधखुळा नव्हता, त्याने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. कानाचा पडदा फाटलाय, आत सूज धरायला लागलीय, म्हणाला. "सकाळीच आणायला हवं होतं. दुपारी का नाही आणलं?" दुपारी आम्ही सी अक्षरापासून परत वाजवत होतो. तिचा तो कान गेला तो गेलाच. तुमची बोटं जुळली, पण करंगळी वाकडी राहिली आणि अनामिका पुन्हा वेळेवर खाली पडली नाही. तुमचं वाजवणं संपलं. आणि तुमचं मारणंही संपलं, हे मात्र कबूल केलं पाहिजे. पाय होते की शाबूत. पण त्यानंतर ते उचलले गेले नाहीत. दोन महिने आईने तुम्हाला घास भरवले. ते बघून माझ्या अंगाची लाही व्हायची, पण तो वेगळा विषय.

पुढच्या रविवारी कार्यक्रम होता. चेलोवाले काका घरी आले, तुमचं प्लॅस्टर बघितलं, दाराला शिव्या दिल्या आणि म्हणाले, "बेटी, अब तुम लीड करो." तुम्ही मान हलवलीत. मी तुमच्या खुर्चीवर बसले. माझा बो खाली तर दहा जणांचा खाली, माझा वर तर दहा जणांचा वर. आई पुढच्या रांगेत, डोक्याला पट्टी, उजवा कान पुढे करून. तिथून पुढे तो गट मीच चालवला, मग मुंबईत वाजवलं, आज ज्या पोराला नियम हवेत तो माझ्याकडे येतो तो त्यामुळेच.

गोष्ट हळूहळू दांडीपर्यंत गेली. दरवाजाची नव्हे, खरी. आईनेच सांगितली, आधी तिच्या बहिणीला, मग मासळी घेणाऱ्या बायकांना. समोर मला म्हणायची, "बापावर हात उगारलास, नरकात जाशील," आणि मागे त्यांना म्हणायची, "माज्या पोरीनं माज्यासाठी हात उचलला." मी दांडीला गेले की म्हाताऱ्या बायका माझ्या गालावरून हात फिरवतात. एकीने सुनेला माझ्यापुढे आणून बसवलं होतं, हिच्याकडून शिक म्हणून. मी काय शिकवणार तिला.

कारण तुम्ही स्टुलावर बसून जे बोललात ते आईने ऐकलं नव्हतं. चांगला कान उशीत होता. तिला दिसलं ते फक्त धोपटणं. तुम्ही म्हणालात, "आज सगळ्यांपुढं मला उघडं पाडलंस. लीडरच्या मागं जायची अक्कल नाय, ती पयल्या डेस्कवर बसायची नाय. रविवारी तू मागं बस. शेवटच्या डेस्कवर." बस, एवढंच. आईचं नाव नव्हतं त्यात. कानाचं नाव नव्हतं. आणि मी उठले ते त्यावर. रक्त साडेबाराला बघितलं होतं मी. रक्त बघून मी हात धुतले होते आणि पेटी उचलली होती. तीन तास त्या पुसलेल्या बुटांशेजारी बसून पानं उलटली होती. आईसाठी माझा हात उचलला गेला नाही, बाबा. जागेसाठी उचलला गेला. मला शेवटच्या डेस्कवर बसवता म्हणून मी तुमची बोटं मोडली, आणि तीच बोटं मोडली ज्यांनी लीडर होता येतं. मला कळत होतं मी कुठे मारतेय.

हे दोघांनाच माहीत होतं, मला आणि तुम्हाला. तुम्ही आईला एका शब्दाने सांगितलं असतंत, "तुज्यासाठी नाय मारलं तिनं," तरी माझं सगळं कोसळलं असतं. तुम्ही सोळा वर्षं जगलात आणि सांगितलं नाहीत. त्याला चांगुलपणा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. लीडर चूक अंगावर घेतो, ती तुमची जुनी खोड असेल. पालघरच्या दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात मी तुम्हाला पेज भरवत होते. आई औषधं आणायला खाली गेली होती. मला वाटलं आता तरी तुम्ही आईबद्दल काही म्हणाल. तुम्ही त्या वाकड्या करंगळीकडे बघत म्हणालात, "सीला अपच होता. तू बरोबर घेतला होतास." एवढंच. तिच्या कानाबद्दल चकार शब्द नाही. मी तुमच्या तोंडावर ती पेजेची वाटी फेकायला हवी होती. फेकली नाही, कारण मला आनंद झाला होता. घरी येईपर्यंत मी ते वाक्य मनात घोळवत होते.

तो पोरगा नियमांची वाट बघतोय, त्याला उद्या ते लिहून पाठवीन. हे कुठे पाठवायचं नाहीच. आई अजून आहे, ऐंशी उलटली आहे, आत तांदूळ निवडत बसली आहे. मघाशी तिने हाक मारून विचारलं, "कोनाला लिवतेस गं एवढं?" मी उठून तिच्याजवळ गेले, वाकले आणि खरं तेच सांगितलं, सगळं, जसं वर लिहिलंय तसं. पण डाव्या बाजूने सांगितलं.